मनूने जात निर्माण केली नाही आणि रिस्लेनेही नाही

१/
जातिसंस्थेचा विषय समाजमाध्यमांवर निघाला की थोड्याच वेळात एक आरोपी पिंजऱ्यात उभा केला जातो. एका गटाचा आरोपी मनू. दुसऱ्या गटाचा आरोपी हर्बर्ट रिस्ले, १९०१ च्या जनगणनेचा इंग्रज आयुक्त. हे दोन्ही गट एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. परंतु इतिहास सांगण्याची त्यांची रीत एकच आहे. समाजात एखादी दुष्ट रूढी दिसली की ती निर्माण करणारा इसम शोधायचा, त्याच्या माथी खापर फोडायचे आणि थ्रेड संपवायचा.

२/
पोलिसी तपासाला ही रीत शोभते, इतिहासाला नाही. जात ही शेकडो वर्षे, हजारो गावांत, कोट्यवधी लोकांनी आपापल्या घरी, आपापल्या मुलामुलींच्या लग्नांत पुन्हा पुन्हा घडवलेली गोष्ट आहे. तिचा 'कर्ता' शोधणे हे मराठी भाषा कोणी तयार केली असे विचारण्यासारखे आहे. प्रश्नच असा घातला आहे की त्याचे कोणतेही उत्तर चुकावे.

३/
हे सांगायला अलीकडच्या विद्यापीठीय फॅशनची गरज नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, नुकतीच पंचविशी पूर्ण केलेल्या एका विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

४/
बाबासाहेबांची वचने चित्रांवर छापून फिरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हा निबंध वाचलेला असतो आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांपैकी त्याहून थोड्यांनी. वाचला असता तर दोघांचीही पंचाईत झाली असती. कारण या निबंधात आंबेडकर स्पष्ट सांगतात की जात मनूने दिलेली नाही. ती मनूच्या पुष्कळ आधीपासून होती. मनूने चालू असलेल्या नियमांची संहिता बांधली आणि त्यांना धर्माचे अधिष्ठान दिले. एवढ्या अफाट लोकसंख्येला एखादा स्मृतिकार आपल्या लेखणीने वर-खाली रचून ठेवतो आणि लोक मुकाट्याने त्या रचनेत शिरतात, ही कल्पनाच त्यांना अशक्य कोटीतली वाटते. ब्राह्मणांनी जात इतरांवर लादली हे म्हणणेही ते नाकारतात. ब्राह्मणांना दोषमुक्त करावे म्हणून नव्हे, तर तेवढे सामर्थ्य कोणत्याच एका वर्गात नसते म्हणून.

५/
मग जात आली कुठून? इथे समाजशास्त्रीय सिद्धांताचे काम सुरू होते आणि ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे.

त्या काळी जातीच्या व्याख्या पुष्कळ होत्या. फ्रेंच पंडित सेनार यांनी शुचिता-विटाळावर भर दिला होता. नेसफिल्ड यांनी व्यवसायावर. रिस्ले यांनी वंशावर आणि त्याचे माप म्हणून चक्क नाकाच्या रुंदीवर. आंबेडकरांनी एकेक व्याख्या उचलून बाजूला ठेवली. त्यातल्या त्यात मान दिला तो एका मराठी माणसाला : अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढचे ज्ञानकोशकार. १९०९ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केतकरांनी जातीकडे सुटा घटक म्हणून न पाहता जातींच्या व्यवस्थेचा भाग म्हणून पाहिले, हे आंबेडकरांना मोलाचे वाटले.

६/
सगळी लक्षणे गाळून त्यांच्या हाती एकच उरले : अंतर्विवाह. विटाळ, व्यवसाय, सहभोजनाची बंदी ही सारी त्याची परिणामे किंवा सोबतची लक्षणे. आपल्या समाजात मूळचा जोर होता तो गोत्राबाहेर लग्न करण्यावर, म्हणजे बहिर्विवाहावर. त्याच्यावर कुणीतरी गटाच्या आतच लग्न करण्याचे कुंपण चढवले. बाहेर जाणाऱ्या लोकांना आत कोंडून ठेवायचे, तर काय काय करावे लागेल? निबंधाचा गाभा हा प्रश्न आहे.

७/
उत्तर हिशोबाचे आहे. गट बंद करायचा तर त्यातील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती हवी. मृत्यू हा तोल सतत मोडतो. नवरा मेला तर एक स्त्री 'अधिक' होते. तिने गटाबाहेर लग्न केले तर कुंपण मोडले. गटातच केले तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा वर गेला. मग तिचे करायचे काय? एक तर तिला नवऱ्याच्या चितेवर चढवायचे, नाही तर जन्मभर विधवा ठेवून, केशवपन करून, कुणाला तिचा मोह पडू नये अशा अवस्थेत जगवायचे.

बायको मेली तर पुरुष 'अधिक' होतो. त्याला कोण जाळणार? तो घरचा कर्ता, गटाला हवा असलेला. त्याला बायको द्यायची, पण लग्नाच्या वयातील मुलींमधून दिली तर पुन्हा कुणा तरुणाचा हिस्सा जातो. म्हणून अजून त्या वयात न आलेल्या मुलीला पुढे ओढायचे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन गोष्टी एकत्र का नांदतात, याचे हे स्पष्टीकरण.

८/
पुण्यातील वाड्यात माजघराच्या कोपऱ्यात आलवण नेसून बसलेली नऊ-दहा वर्षांची बालविधवा कुठल्याही जुन्या कादंबरीत भेटते. तिची कथा सांगताना बहुतेक लेखक एक निर्दयी सासरा किंवा एक हटवादी भटजी उभा करतात. तो असेलही. पण तो मवाळ असता तरी तिची सुटका होत नव्हती. तिच्या वैधव्यावर शेजारच्या मुलीचे लग्न, त्या घराची पंक्ती, त्या पंक्तीवर भावाची सोयरीक असे सगळे टेकलेले होते. एका व्यक्तीचे दुःख समजून घ्यायला सिद्धांत लागतो तो असा. तो दुःख लहान करत नाही. ते इतके अढळ का होते, हे दाखवतो.

९/
आणखी एक गोष्ट या निबंधाने साधली. या रूढींची स्तुती करणारे तत्त्वज्ञान त्या काळी भरपूर होते. आनंद कुमारस्वामींसारख्या थोर कलामीमांसकानेही १९१३ साली सतीच्या बचावाचा लेख लिहिला होता. आंबेडकरांचे म्हणणे असे की स्तुती हे कारण नव्हे. रूढी आधी पाळावी लागली, मग ती गोड वाटावी म्हणून तिच्याभोवती गौरवगाथा रचली गेली. 'आमच्या पूर्वजांचा स्त्रीविषयक आदर्श' या मथळ्याखाली आज जे काही फिरते, ते वाचताना हा क्रम ध्यानात ठेवावा.

१०/
हिशोब मात्र थोडा जास्तच नेटका आहे, हेही सांगायला हवे. बंगालमधील कुलीन ब्राह्मणांत एकेक पुरुष अनेक बायका करी. तिथे 'जुळती संख्या' हा धागा तुटतो. सतीची चाल जातिबद्ध समाजात सर्वत्र सारखी कधीच नव्हती. चांगला सिद्धांत पंचांगासारखा सर्व तिथ्या सांगत नाही. कुठे लागू पडतो आणि कुठे अडखळतो हे त्याच्यामुळे नेमकेपणाने विचारता येते, इतके पुष्कळ झाले.

११/
आता पुढचा प्रश्न. एका गटाने स्वतःला कोंडून घेतले, तर बाकीचे का कोंडले गेले? आंबेडकरांनी इथे गाब्रिएल टार्ड या फ्रेंच न्यायाधीशाचा आधार घेतला. टार्डचा १८९० सालचा ग्रंथ अनुकरणाच्या नियमांवर आहे. अनुकरण वरून खाली झिरपते. ज्याला प्रतिष्ठा आहे त्याचे होते. आणि अंतर जितके कमी तितके ते तीव्र होते. पॅरिसच्या विद्यावर्तुळात टार्डचा एमिल दुर्खीमशी मोठा वाद झाला आणि पुढच्या काळात दुर्खीमचा पक्ष इतका वरचढ ठरला की टार्ड जवळजवळ विसरला गेला. हरलेल्या पक्षाचे हत्यार उचलून एका भारतीय विद्यार्थ्याने आपल्या देशाचे कोडे सोडवायला घेतले, ही गंमतच.

१२/
आंबेडकरांनी नियम नुसता उद्धृत केला नाही, तो तपासायला लावला. ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जाती तिन्ही रूढी कडकपणे पाळतात. जरा दूरच्या सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह पाळतात. त्याहून दूरच्या केवळ बालविवाह. आणि अगदी दूरच्यांनी फक्त जातीवरचा विश्वास उचललेला असतो. काहींनी आपले दार आतून लावून घेतले, तेव्हा बाहेर राहिलेल्यांची आपोआप वेगळी जात झाली. म्हणून जात एकवचनात असूच शकत नाही. ती जन्मते तीच अनेकवचनात.

१३/
महाराष्ट्रात याची साक्ष निबंधाच्या चौतीस वर्षे आधीच छापली गेली होती. सुरतच्या एका ब्राह्मण विधवेवरील भ्रूणहत्येच्या खटल्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. ताराबाई मराठा घरातल्या. पुनर्विवाहाची बंदी ब्राह्मणांपुरती उरलेली नसून इतर जातींतही पसरत चालली आहे, हे त्यांनी नेमके टिपले होते. ज्या जातींत पाट लावण्याची, मोहतुराची रीत होती, त्यांतली वर सरकू पाहणारी घराणी ती सोडू लागली होती. स्त्रीचे स्वातंत्र्य आकुंचन पावले की कुळाची उंची वाढली असे मानणारा हा व्यवहार कोणत्याही स्मृतिकाराच्या हुकमाने चालत नव्हता. शेजारच्या वाड्याकडे पाहून चालत होता.

१४/
इथे इतिहासप्रेमींमधला एक जुना आक्षेप येतो : 'परके सिद्धांत कशाला? अस्सल कागद पुरेत.' या मंडळींचे दैवत राजवाडे. परंतु त्याच राजवाड्यांनी विवाहसंस्थेच्या इतिहासावर लेखन केले, ते काय बखरी आणि मोडी रुमालांच्या भरवशावर? ग्रामण्याचा कागद सांगतो की अमुक कुटुंबाला अमुक साली वाळीत टाकले, इतका दंड घेतला, मग पंक्तीला घेतले. सती, वैधव्य आणि बालविवाह एकाच घरात का सापडतात, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही, कारण लिहिणाऱ्याला तो प्रश्नच पडला नव्हता. कागदाला प्रश्न विचारावा लागतो आणि प्रश्न विचारायला आधी काहीतरी उपपत्ती मनात लागते. ती नाही असे म्हणणाऱ्याच्या मनातही एक असतेच. फक्त ती तपासलेली नसते.

१५/
आता दुसरा आरोपी. 'जात इंग्रजांनी निर्माण केली' असे सांगणारे बहुधा निकोलस डर्क्स यांच्या २००१ मधील ग्रंथाचे नाव घेतात. डर्क्स यांचा दावा इतका भाबडा नाही. वसाहतकाळात जात ही भारतीय समाजाची एकमेव ओळख बनवली गेली, तिला नवे रूप आले, असे ते म्हणतात. याचे 'जात नव्हतीच' असे भाषांतर करायला विशेष प्रकारची बेफिकिरी लागते. अल्बेरुनीने १०३० च्या सुमारास चार वर्णांच्या खाली, गावाबाहेर राहणाऱ्या अंत्यजांचे वर्णन केले आहे. चोखामेळा चौदाव्या शतकातले. त्यांना विठ्ठलाच्या दाराबाहेर ठेवायला कोणता जनगणना आयुक्त आला होता?

१६/
रिस्लेने काहीच केले नाही असे मात्र नाही. १९०१ च्या जनगणनेत जातींची सामाजिक दर्जानुसार उतरंड लावण्याचा घाट त्याने घातला आणि देशभरातून 'आम्हाला वरच्या पायरीवर घाला' अशा अर्जांचा पाऊस पडला. चढाओढ आधीपासून होती. सरकारी तक्त्याने तिला अंतिम निवाड्याची जागा मिळवून दिली. थोडक्यात, मनूने जे संहितेने केले त्याच जातीचे काम रिस्लेने तक्त्याने केले. दोघेही संहिताकार. संहिताकाराचा अपराध मोठा असतो, पण तो जनकाचा अपराध नव्हे.

१७/
दोन्ही गटांना आरोपी का हवा असतो, हे कळायला कठीण नाही. गुन्हेगार हजारो वर्षांपूर्वीचा असो की लंडनहून आलेला, आपले घर सुटते. आंबेडकरांचे उत्तर घर सोडत नाही. जात अंतर्विवाहाने चालते असे एकदा मान्य केले की वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जातला जातीचा रकाना भरणारा हात इतिहासात येतो. मनूचा निषेध करणारा आणि रिस्लेचा निषेध करणारा, दोघेही तो रकाना एकाच हस्ताक्षरात भरतात.

१८/
तिसरा एक गट आहे आणि तो जास्त शिकलेला आहे. त्याला आरोपी नको, शिक्का हवा. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली कुर्ग प्रदेशावरील ग्रंथात 'संस्कृतीकरण' ही संकल्पना मांडली : खालच्या जाती वरच्यांचे आचार उचलून आपला दर्जा वाढवू पाहतात. श्रीनिवास मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्याकडे शिकले. संकल्पना कामाची आहे. पण आता वेदोक्ताचा वाद आला की 'संस्कृतीकरण', जानवे घातले की 'संस्कृतीकरण', मांस सोडले की 'संस्कृतीकरण'. शिक्का मारला की कागद वाचायची गरज संपते.

१९/
सिद्धांत कसा वापरावा हे पाहायचे तर आंबेडकरांनी स्वतःच्याच १९१६ च्या मांडणीचे पुढे काय केले ते पाहावे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेले आणि वाचू न दिले गेलेले 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापले. त्यात पेशवाईतील दोन प्रसंग आहेत. सोनारांपैकी काहींनी ब्राह्मणांसारखे धोतर नेसायला आणि अभिवादनाला 'नमस्कार' म्हणायला सुरुवात केली. अनुकरणच ते. पेशव्यांच्या बळावर ते मोडून काढण्यात आले. इतकेच नव्हे, तर मुंबईच्या सोनारांनी 'नमस्कार' म्हणू नये असा मनाईहुकूम ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांकडून मिळवला गेला. पुण्याचे ब्राह्मणी राज्य आणि मुंबईचे इंग्रजी राज्य या बाबतीत एकदिलाने वागले, हे आरोपी शोधणाऱ्या दोन्ही गटांनी टिपून ठेवण्याजोगे.

२०/
दुसरा प्रसंग अधिक बोचरा. पाठारे प्रभूंमध्ये विधवाविवाहाची चाल होती. ती हलकेपणाची खूण वाटून जातीतल्या काहींनी ती बंद करायचे ठरवले. जातीत दोन तट पडले. पेशव्यांनी बाजू घेतली ती विधवाविवाह चालू ठेवू पाहणाऱ्यांची! नुसता निकाल वाचणारा म्हणेल, किती उदार राज्यकर्ते. परंतु विधवाविवाह चालू राहिला तर प्रभू ब्राह्मणांच्या बरोबरीला येत नाहीत, हा त्यातला व्यवहार. इथे विधवेची सुटका ही तिच्या जातीला खालीच ठेवण्याची तजवीज होती. एखादा शासक 'पुरोगामी' होता की 'प्रतिगामी', असे गुण देत बसणाऱ्याला या निकालाचा अर्थ कधीच लागणार नाही.

२१/
१९१६ च्या निबंधात अनुकरण पाण्यासारखे उतारावरून वाहत होते. १९३६ मध्ये त्या उतारावर शिपाई उभा दिसतो. वरच्यांची नक्कल कोणी करावी, कुठपर्यंत करावी, हे सत्ता ठरवते. पुराव्याने सिद्धांताला जिथे धक्का दिला, तिथे लेखकाने सिद्धांत हलवला. शिक्केवाल्यांना नेमके हेच जमत नाही.

२२/
महाडला शिक्का कसा फसतो ते पाहावे. मार्च १९२७ च्या परिषदेत आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडा, असे सांगितले. लगेच 'संस्कृतीकरण' हा शेरा तयार. पण तोच समुदाय २० मार्चला चवदार तळ्यावर चालत गेला. ते तळे मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा बोले ठराव आणि महाड नगरपालिकेचा त्यानंतरचा ठराव यांनी कागदोपत्री सर्वांना खुले झालेले होते. अनुकरण करणारा शिडीवरची वरची पायरी मागतो. हे लोक नागरिकाचा हक्क बजावत होते. तळ्याच्या काठी शिडीच नव्हती. गावातल्या सवर्णांना तो फरक शेरेबाजांपेक्षा लवकर कळला : देवळात शिरणार अशी आवई उठवून त्यांनी मारहाण केली आणि मग पंचगव्याने तळे 'शुद्ध' करून घेतले.

२३/
मग २५ डिसेंबर १९२७. त्याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. 'मनूने जात केली नाही म्हणता, मग ग्रंथ का जाळला?' असा प्रश्न विचारणाऱ्याला वाटते की आपण विसंगती पकडली. विसंगती नाहीच. रूढी अनुकरणाने पसरते, पण ती मोडू पाहणाऱ्याला अडवायला पोथी पुढे केली जाते. तळ्यावर झालेली मारहाण धर्मरक्षण ठरते ती त्या पोथीच्या जोरावर. आंबेडकर जनकाला जाळत नव्हते, परवाना जाळत होते.

२४/
राहिला प्रश्न व्यक्तीचा. समाजशास्त्र म्हणजे माणसाला बाहुली ठरवणे, अशी तक्रार नेहमी होते. तर त्या डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गृहस्थ कोण होते हे पाहावे : गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. अनुकरणाचा नियम त्यांचे भाकीत करू शकत नाही. जातीच्या हितसंबंधांचा नियम तर उलटेच भाकीत करतो. परंतु ते कशाच्या विरोधात उभे राहिले, त्यांच्या मागे किती पंक्ती, किती सोयरिकी, किती ग्रामण्यांचा इतिहास होता, हे त्या नियमांवाचून मोजता येत नाही. ते काढून टाकले तर सहस्रबुद्धे केवळ 'एक चांगला माणूस' उरतात आणि नऊ महिन्यांपूर्वी त्याच गावात तळ्यात पंचगव्य ओतणारे केवळ काही वाईट माणसे.